सकाळी आठचं भांडण

वर्षभरात मी त्यांचं नाव फारसं घेतलंच नव्हतं. "रात्रपाळीने पुन्हा कंट्रोल लावले नाहीत." "रिएजंट कुठे ठेवलाय ते रात्रपाळीला विचारा." त्या पाळीत त्यांच्यासकट तीन माणसं होती, पण मी 'रात्रपाळी' म्हटलं की मला कोण म्हणायचंय हे सगळ्यांना कळायचं. त्यांच्या बाजूला माझं नाव 'हेडमास्तरीण' होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही दोघं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक. मी दिवसाची, ते रात्रीचे. भेट रोज सकाळी आठला, पाळी बदलताना, जेमतेम दहा मिनिटं. त्यात एक दमलेला माणूस घरी निघालेला आणि एक ताजं माणूस कामाला जुंपून घ्यायच्या घाईत. रोज एवढीच ओळख असेल तर समोरच्याबद्दलचं बाकीचं सगळं आपणच रचतो. मी बरंच रचलं होतं.

पुढे लिहिण्याआधी एक सांगते. आमचं भांडण शेवटी मध्यस्थीपर्यंत गेलं. त्या खोलीत जे बोललं जातं ते बाहेर न्यायचं नाही, अशी आमची लेखी कबुली होती. हे मी त्यांना वाचायला देऊन, त्यांच्या होकारानंतरच लिहिते आहे. त्यांनी दोन ठिकाणी काट मारली. ते दोन्ही प्रसंग इथे नाहीत.

भांडण कशावरून? रक्त तपासायचं मशीन बरोबर चालतंय ना हे पाहण्यासाठी, ज्याची उत्तरं आधीच ठाऊक असतात असा नमुना त्यावर चालवतात. त्याला कंट्रोल म्हणतात. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आलं की मगच रुग्णांचे रिपोर्ट सोडायचे. आमच्याकडे नियम होता की हे कंट्रोल रात्रपाळीने साडेसातला लावायचे, म्हणजे आठला मशीन तयार. मी आठला पोचायचे आणि आठवड्यातून तीन-चार दिवस ते लावलेले नसायचे. मग मी लावायचे, त्यात पाऊण तास जायचा, बाहेर सॅम्पल देणाऱ्यांची रांग वाढायची आणि उशीर का झाला म्हणून वॉर्डातले फोन मला यायचे.

पहिल्यांदा मी हॅन्डओव्हरच्या रजिस्टरात निळ्या शाईने लिहिलं, 'कंट्रोल लावलेले नाहीत.' पुढच्या महिन्यात लाल शाई आली. मग त्याखाली त्यांची ओळ, 'तातडीची सॅम्पल्स होती, वेळ मिळाला नाही.' त्याखाली माझी, 'रोजच?' मग मेल. मराठीत भांडण चढलं की माणसं तू-तुकारावर उतरतात म्हणतात. कार्यालयात उलटं होतं. तिथे माणसं 'आपण'वर चढतात. "आपण नियम वाचला असेलच." "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." समोरासमोर ते मला मॅडम आणि मी त्यांना सर म्हणायचे. मेलमधल्या त्या थंडगार 'आपण'पुढे आमचे शिव्या देणारे शेजारीसुद्धा प्रेमळ वाटले असते.

एका सकाळी पोटॅशियमचा रिएजंट, म्हणजे ती तपासणी करायला मशीनला लागणारं रसायन, संपलेला निघाला आणि रजिस्टरात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी मी मेल लिहिला. त्यात 'हलगर्जीपणा' हा शब्द होता आणि प्रतीत विभागप्रमुख डॉक्टरांसह नऊ जण. पाठवल्यावर हलकं वाटलं होतं, हे कबूल करते.

त्यानंतर दोन्ही पाळ्यांतले तंत्रज्ञही एकमेकांना काही सांगेनासे झाले. कुठलं मशीन आवाज करतंय, कुठला रिएजंट संपत आलाय, हे ज्याला दिसेल त्याने सांगायचं अशी प्रयोगशाळेची साधी रीत असते. ती गेली. माझ्या पाळीतला एक मुलगा मला खूश करायला रात्रीच्या चुका मोजून ठेवायला लागला आणि मी त्याला थांबवलं नाही.

वरिष्ठांनी आधी जे सगळीकडे होतं ते केलं. केबिनमध्ये बोलावलं, "तुम्ही दोघंही अनुभवी आहात" म्हणाले, हात मिळवायला लावले. आठवडाभर आम्ही एकमेकांशी इतकं गोड बोललो की तंत्रज्ञ घाबरले. दुसरा प्रयत्न तडजोडीचा होता. निम्म्या चाचण्यांचे कंट्रोल रात्रीने लावायचे, निम्म्यांचे दिवसाने. त्याने दोघांचंही काम वाढलं आणि आता कुठले लावायचे राहिले यावरून नवा वाद सुरू झाला. तेव्हा कुणीतरी मध्यस्थीचं सुचवलं.

मध्यस्थ म्हणून आलेल्या बाई वेगळ्या विभागातल्या होत्या, या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या, आमच्या कुणाच्याच वरिष्ठ नसलेल्या. आधी दोघांना वेगवेगळं भेटल्या. मी फाईल घेऊन गेले. रजिस्टरच्या पानांचे फोटो, मेलच्या छापील प्रती, तारीखवार तक्ता. बाईंनी ती उघडलीच नाही. म्हणाल्या, "ही जपून ठेवा, कधी रीतसर तक्रार केलीत तर लागेल. पण मी कोण बरोबर ते ठरवणार नाही. मला तो अधिकार नाही आणि असता तरी इथे वापरला नसता." मला राग आला. निकालच द्यायचा नसेल तर हे कशाला?

मग त्यांनी काही प्रश्न विचारले, जे मला तेव्हा अप्रस्तुत वाटले. त्यांच्यासमोर बोलायची भीती वाटते का? कधी अंगावर येणं, धमकी, लगट, असं काही घडलंय का? दोघांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याची बढती किंवा रजा आहे का? इथे यायला तुम्हाला कुणी भाग पाडलंय का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं असतं तर पुढे जायचं की नाही याचाच त्या आधी विचार करणार होत्या. छळाच्या तक्रारीत दोघांना समोरासमोर बसवून 'समजून घ्या' म्हणणं म्हणजे ज्याला मार बसलाय त्यालाच निम्मा दोष वाटून देणं. अशा प्रकरणाला चौकशीच हवी. आमचं तसं नव्हतं. आम्ही एकाच पायरीवरचे, सारखेच हट्टी.

त्यांनी मला एक प्रश्नावलीही दिली. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोघांनी १९७४ मध्ये तयार केलेली, ३० जोड्यांतून प्रत्येक वेळी एक वाक्य निवडायचं. त्यातून वादात आपण कुठे झुकतो ते दिसतं. स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं आणि जमवून घेणं, असे पाच कल. मी स्पर्धेत वर येणार याची मला खात्री होती, आलेही. पण 'टाळणं' त्याच्या बरोबरीने वर आलं. मी हसले. मी आणि टाळणं? बाईंनी विचारलं, "कंट्रोल का लावले जात नाहीत, हे त्यांना तोंडाने कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. एकदाही नाही. लाल शाई हीसुद्धा न बोलण्याचीच एक तऱ्हा असते, हे तेव्हा लक्षात आलं.

शेवटी त्यांनी एक कागद पुढे केला. फ्रीडरिक ग्लाझल नावाच्या ऑस्ट्रियन अभ्यासकाने संघर्ष कसा खाली घसरत जातो याच्या नऊ पायऱ्या मांडल्या आहेत. सुरुवातीला मतं ताठर होतात, मग वादावादी, मग बोलणं सोडून थेट कृती. इथपर्यंत दोघांचंही भलं होणं शक्य असतं. चौथ्या पायरीवर माणसं गट जमवायला लागतात, पाचवीवर समोरच्याची अब्रू घेतली जाते, सहावीवर धमक्या. शेवटच्या तीन पायऱ्यांवर आपलं नुकसान झालं तरी चालेल, दुसऱ्याचं जास्त व्हावं एवढंच उरतं. नवव्या पायरीवर दोघंही एकत्र दरीत. "तुम्ही कुठे आहात?" मी तिसरीवर बोट ठेवलं. रात्रपाळीच्या सरांनी त्यांच्या भेटीत पाचवीवर ठेवलं होतं आणि तारीखही सांगितली होती, माझ्या त्या नऊ प्रतींच्या मेलची. हे मला एकत्र बैठकीत कळलं.

एकत्र बैठक साधारण तीन तास चालली. खोली आमच्या दोघांच्याही विभागात नव्हती. टेबल गोल होतं. खुर्च्या अशा मांडल्या होत्या की एकमेकांकडे सतत बघावं लागत नव्हतं, पण बघायचं म्हटलं तर मान वळवली की पुरे. नियम थोडे होते. मध्ये तोडायचं नाही, कुणालाही कधीही उठून जाता येईल, बाईंच्या टिपणांचे कागद शेवटी फाडले जातील. सुरुवातीला प्रत्येकाला दहा मिनिटं सलग बोलायचं होतं, आणि मग दुसऱ्याने आपण काय ऐकलं ते सांगायचं.

हे शेवटचं वाचायला किती सोपं वाटतं! ते बोलले. सकाळी सहा ते आठ अतिदक्षता विभाग आणि वॉर्डांची सॅम्पल्स एकदम येतात, कारण डॉक्टरांना फेरीच्या आधी रिपोर्ट हवे असतात. तेव्हा मशीन कंट्रोलसाठी अडवायचं म्हणजे एखाद्या अत्यवस्थ रुग्णाचं सॅम्पल थांबवायचं. रात्री दोनच तंत्रज्ञ असतात. आणि त्यांना साडेआठला निघावंच लागतं, त्यामागे घरचं कारण आहे. माझी पाळी आली. मी म्हटलं, "म्हणजे यांना जबाबदारी घ्यायची नाही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "हे वाक्य तुमचं आहे. त्यांचं सांगा."

दुसऱ्या प्रयत्नात मी 'पण' घातला. "सहाला गर्दी असते हे खरं, पण..." बाईंनी हात वर केला. तिसऱ्या वेळी जमलं. जमलं तेव्हा सरांनी मान हलवली, "हो, असंच." वर्षभरात त्यांनी माझ्या कुठल्याही वाक्याला दिलेला तो पहिला होकार असेल.

मग मी बोलले. त्यांना पहिल्याच फटक्यात जमलं, याचाही मला थोडा राग आला.

मध्ये एकदा गाडी पार अडकली. मेलवरून. त्यांना तो मागे घेतलेला हवा होता, नऊही जणांना तसं कळवून. मी म्हणत होते की रिएजंट संपला होता ही वस्तुस्थिती आहे, ती मागे कशी घेऊ? आवाज चढले. बाईंनी बैठक थांबवली आणि आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत भेटल्या. मला विचारलं, "त्या मेलमधलं कुठलं वाक्य वस्तुस्थिती आहे आणि कुठलं तुमचा निष्कर्ष?" मेल माझ्याकडे छापील होताच, त्या फाईलचा एवढाच उपयोग झाला. मी पेन्सिलीने खुणा केल्या. पाच वाक्यं, त्यातली वस्तुस्थिती दीड.

त्या खोलीत एकटी बसले असताना मला माझ्याच कामातली एक गोष्ट आठवली. कंट्रोलची उत्तरं आलेखावर मांडतो तेव्हा सरासरीच्या दोन्ही बाजूंना २ एसडीच्या रेषा असतात. एसडी म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप. मशीन अगदी ठणठणीत असलं तरी साधारण वीसात एक उत्तर या रेषांच्या बाहेर पडतं, निव्वळ योगायोगाने. म्हणून एक ठिपका बाहेर गेला की कुणी लगेच मशीन नादुरुस्त ठरवत नाही. परत चालवून बघतात, कल बघतात, खोलीचं तापमान बघतात. हे मी नव्या मुलांना कितीतरी वेळा शिकवलंय. आणि माणसाचा एक ठिपका बाहेर दिसल्याबरोबर 'हलगर्जी' लिहून मोकळी झाले होते. मशीनच्या बाबतीत मी परिस्थिती बघत होते, माणसाच्या बाबतीत थेट स्वभाव. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या खोडीला नाव दिलं, आपण त्याला मूलभूत आरोपण दोष म्हणू. दुसऱ्याला उशीर झाला तर तो आळशी, मला झाला तर रस्त्यात गर्दी. अर्थात त्यांचे ठिपके वीसात एकाहून बरेच जास्त बाहेर होते, आठवड्यात तीन-चार! पण मग कामाच्या मांडणीतच काही चुकतंय का ते शोधायला हवं होतं, आणि ते मी शोधलं नव्हतं.

परत बसलो तेव्हा बाईंनी एक साधा प्रश्न विचारला, जो आम्हा दोन अनुभवी माणसांपैकी कुणालाच वर्षभरात सुचला नव्हता. "साडेसातच का?"

दोघंही गप्प. मग तेच म्हणाले, "जुनं मशीन रात्री बंद करायचो. सकाळी सुरू केलं की कंट्रोल." जुनं मशीन जाऊनही बराच काळ लोटला होता. नवं चोवीस तास चालतं. वेळ मात्र तीच राहिली होती, भिंतीवरच्या तक्त्यात, आणि आम्ही त्या तक्त्यावरून एकमेकांचा स्वभाव ठरवत होतो. पहाटे चारला सॅम्पल्स सर्वात कमी असतात. चारला कंट्रोल लावले तर सहाच्या गर्दीला मशीन मोकळं आणि आठला मला तयार.

बाईंनी तेव्हा मेरी पार्कर फॉलेटची एक गोष्ट सांगितली. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या या अमेरिकन बाईंनी १९२५ मध्ये संघर्षावर व्याख्यान दिलं, त्यातली. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटबाईंना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. याला त्या तडजोड म्हणत नाहीत, कारण कुणी काही सोडलं नाही. त्यांना खिडकी बंदच हवी होती असं नव्हतं, उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता एवढंच. फॉलेटबाईंच्या मते वाद मिटवायच्या वाटा तीन, एकाची सरशी, तडजोड, आणि दोघांच्या गरजा एकत्र बसवणं. पहिली मी करून पाहिली होती, दुसरी वरिष्ठांनी.

मला ही गोष्ट आवडली, पण एक शंका आहे आणि ती मी तेव्हाही बोलले. शेजारी रिकामी खोली होती म्हणून जमलं. नसती तर? आमच्याकडे पहाटे चार ही रिकामी खोली निघाली. रात्री दोनच तंत्रज्ञ असणं ही मात्र भिंत आहे, तिथे कुठलीच खिडकी नाही. ती कमतरता आमच्या दोघांच्या 'स्वभावां'च्या भांडणाखाली वर्षभर दडून राहिली, आणि ते वरच्यांना सोयीचंच होतं असं मला अजूनही वाटतं. दोन माणसांना संवादाचं शिक्षण देणं हे तिसरं माणूस नेमण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं. बाई यावर वाद घालत बसल्या नाहीत. आम्ही दोघांनी मिळून व्यवस्थापनाला एक पत्र द्यावं असं त्यांनी सुचवलं आणि ते करारात घातलं. आमचं पहिलं एकत्र वाक्य ते होतं, आणि गंमत म्हणजे तक्रारीचं.

कराराचा कागद एका पानाचा झाला. पहिल्या मसुद्यात मी 'परस्पर आदर राखावा' असं लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "मंगळवारी सकाळी आठला हे कसं दिसेल?" काही सांगता येईना, तेव्हा ते खोडलं. त्याऐवजी आलं ते असं. विभागप्रमुखांची मंजुरी मिळताच कंट्रोल पहाटे चारला लागतील. लावता आले नाहीत तर सातपर्यंत मला मेसेज येईल, कारण देण्याची गरज नाही. रिएजंट किती उरलाय ते रात्री शेवटच्या तासात मोजून लिहिलं जाईल. रजिस्टरात काय झालं तेवढंच लिहायचं, का झालं असावं ते तोंडी विचारायचं. लाल पेन कपाटात. मेलबद्दल असं ठरलं की रिएजंट संपल्याची बाब कायम राहील, 'हलगर्जीपणा' हा शब्द मी मागे घेत असल्याचं त्याच नऊ जणांना कळवीन. त्यांनी तंत्रज्ञांसमोर त्या नावाबद्दल माझी माफी मागायची तयारी दाखवली. तेव्हा मला 'हेडमास्तरीण' कळलं. मी म्हटलं राहू दे, निदान पदोन्नती तरी आहे. ते हसले. मग मीही.

मागे घेतल्याचा तो मेल लिहायला मला दोन दिवस लागले. तीन ओळींचा होता. पाठवल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही, कान तापले. नऊपैकी एकानेच उत्तर दिलं, आणि ते कुठल्याशा सुट्टीच्या अर्जाबद्दल होतं.

सहा आठवड्यांनी बाईंनी परत भेट ठेवली होती. तोवर सगळं सुरळीत झालं होतं असं नाही. एकदा मेसेज आला नाही आणि कंट्रोलही नव्हते. मी लाल पेन शोधायला कपाटापर्यंत गेले होते. माझ्या पाळीतल्या त्या मोजणाऱ्या मुलाला थांबायला सांगितलं तर त्याला वाटलं मी हरले. पत्राला उत्तर आलं होतं, तिसरा तंत्रज्ञ सध्या शक्य नाही. त्यावर आम्ही दुसरं पत्र लिहिलं आहे, त्यातली आकडेवारी त्यांनी काढली आणि भाषा मी केली. आम्ही मित्र झालो का, असं बाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोघांनीही नाहीच म्हटलं असतं.

त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते निघून गेले होते. रजिस्टरात लिहिलं होतं, 'कंट्रोल ४.१० ला. पोटॅशियम एकदा बाहेर गेलं, परत चालवलं, आत आलं. कारण सापडलं नाही. रिएजंट दोन दिवसांचा.' मी खाली निळ्या शाईने त्यांचं नाव लिहिलं, 'पाहिलं' लिहिलं, सही केली आणि वेळ टाकली, ८.०५.